वाचाघात: ‘हो’ म्हणजे खरंच हो का?

प्रश्न : स्ट्रोकनंतर वडिलांचा उजवा हात लुळा पडला, शब्दही सापडत नाहीत. बुद्धीवर परिणाम झालाय का?

तसं समजू नका. मेंदूला इजा होऊन भाषाच अडते, त्याला वाचाघात म्हणतात. बहुतेकांची भाषेची केंद्रं मेंदूच्या डाव्या भागात असतात आणि उजवं अंगही तोच भाग हलवतो, म्हणून दोन्ही एकदम अडतं. जीभ-ओठ अशक्त होऊन उच्चार बोबडे होणं वेगळं. तिथे माणूस लिहून सांगू शकतो. वाचाघातात लिहिणं-वाचणंही अडखळतं, त्यामुळे हातात पाटी देऊन काम भागत नाही.

प्रश्न : आधी चालणं सुधारू दे, बोलण्याचं नंतर पाहू, असं घरचे म्हणतात. चालेल?

नाही. वाचाघात असलेल्या रुग्णांचा रुग्णालयातला मुक्काम लांबतो, स्वावलंबन कमी राहतं, नैराश्यही जास्त आढळतं. त्यांचा स्ट्रोक मुळात मोठा असतो, हे एक कारण. पण खांदा दुखतोय हे सांगता येत नाही, व्यायामाची सूचना अर्धीच कळते, गोळी चुकते, आणि ‘सहकार्य करत नाहीत’ असा शिक्का बसतो.

म्हणून आधी ‘हो-नाही’ तपासा. त्यांचं खरं नाव घेऊन ‘हेच तुमचं नाव ना?’ विचारा, मग चुकीचं नाव घेऊन. अशा चार-पाच जोड्या करा. दोन्हींना ‘हो’ आलं, तर त्या ‘हो’वर औषध ठरवू नका, शरीराचं चित्र दाखवून दुखरी जागा बोटाने दाखवायला सांगा. मन खचलंय का, हे झोप, भूक, रडणं आणि व्यायाम टाळणं यांवरून ओळखा.

प्रश्न : शब्द अडला की आम्ही सांगून टाकतो. योग्य आहे?

घाई होते. दहा सेकंद थांबा. मग ‘पाणी’साठी ‘पा…’ एवढंच म्हणा. तरी नाही आला, तर ‘तहान लागली, मला हवंय…’ असं वाक्य अर्धवट सोडा. पूर्ण शब्द शेवटी. टीव्ही बंद, एका वेळी एकच विषय.

प्रश्न : नाव येत नाही, पण शिवी स्पष्ट येते!

मुद्दाम नाही हो. शिव्या, आकडे मोजणं, पाठ गाणी आपोआप बाहेर पडतात. ठरवून शब्द शोधणं निराळं.

प्रश्न : वर्ष झालं. आता थेरपीचा उपयोग?

सुधारणेचा वेग पहिल्या तीन महिन्यांत सर्वाधिक, पण नंतर दार बंद होत नाही. स्ट्रोकला किमान सहा महिने झालेल्या रुग्णांवर जर्मनीत झालेल्या, 2017 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आठवड्याला किमान 10 तास, निदान तीन आठवडे थेरपी दिल्यावर रोजच्या संवादात फरक पडला. आठवड्यातून अर्धा तास मात्र अपुरा.

आलेलं बोलणं अचानक पुन्हा गेलं, तर थेरपिस्टला नव्हे, तातडीच्या रुग्णसेवेला फोन करा, आणि शेवटचं नीट केव्हा बोलले ती वेळ सांगा.