न्यू जर्सीत एलएलसी काढताना आणि धंद्याची पत उभी करताना

तुमचे प्रश्न तीन आहेत असं धरतो. मेव्हण्यांच्या भागीदारीत न्यू जर्सीत टी-शर्टवर छपाई आणि भरतकाम करून देण्याचा धंदा सुरू करायचाय, तर एलएलसी (मालकाची जबाबदारी धंद्यातल्या पैशांपुरती ठेवणारी कंपनी) डेलावेअरला काढावी की वायोमिंगला? धंद्याच्या नावावर उधारी आणि कर्ज मिळावं यासाठी पत कशी तयार होते? आणि २,५०० डॉलर घेऊन ‘फक्त ईआयएनवर (कंपनीच्या कर-नंबरवर) क्रेडिट लाइन (लागेल तसं उचलायचं कर्ज) मिळवून देतो’ म्हणणाऱ्या माणसाला होकार द्यावा का?

शेवटच्याचं उत्तर आधी देतो. त्याला पैसे देऊ नका. कारण पुढे येईलच.

दुकान न्यू जर्सीत, गिऱ्हाईक न्यू जर्सीतलं, तर एलएलसीही न्यू जर्सीतच काढा, डेलावेअरला नको आणि वायोमिंगलाही नको. डेलावेअरला नोंदवली तर तिथे दरवर्षी ३०० डॉलरचा कर भरावा लागतो, वर तिथला रजिस्टर्ड एजंट (कंपनीची सरकारी पत्रं घेणारा तिथला प्रतिनिधी) पोसावा लागतो, आणि एवढं करूनही न्यू जर्सीत ‘बाहेरची कंपनी’ म्हणून वेगळी नोंदणी चुकत नाहीच. थेट न्यू जर्सीत केलीत तर सर्टिफिकेट ऑफ फॉर्मेशनची (कंपनी स्थापनेच्या कागदाची) फी १२५ डॉलर आणि वार्षिक रिपोर्टचे ७५. त्यानंतर राज्याच्या कर खात्याकडची एनजे-रेग नोंदणी तेवढी विसरू नका, तिला ६० दिवसांची मुदत असते. डेलावेअरचं कौतुक बाहेरचे गुंतवणूकदार आणणाऱ्या कंपन्यांसाठी ठीक आहे. दोघांच्या छापखान्याला त्याचा उपयोग नाही.

ईआयएन आयआरएसच्या (केंद्रीय कर खात्याच्या) साइटवर फुकट मिळतो. त्यासाठी पैसे मागणाऱ्या साइट सरकारी वाटाव्यात अशाच बनवलेल्या असतात, तेव्हा पत्ता नीट बघा. कंपनी नोंदली की ‘सर्टिफिकेट पाठवतो’, ‘पोस्टर पाठवतो’ अशी पत्रंही येऊ लागतात. फिनसेनकडे (आर्थिक गुन्ह्यांवर नजर ठेवणाऱ्या केंद्रीय खात्याकडे) मालकांची माहिती द्यायची म्हणून पैसे मागणारं पत्र आलं तर तेही बाजूला ठेवा. मार्च २०२५ मध्ये फिनसेनने अमेरिकेत स्थापन झालेल्या कंपन्यांना त्या नियमातून वगळलं आहे.

आता ज्याकडे बहुतेक जण काणाडोळा करतात ते: ऑपरेटिंग अ‍ॅग्रीमेंट, म्हणजे मालकांमधला आपसातला करार. तुम्ही दोघं आणि वाटा निम्मा-निम्मा. घरचंच माणूस आहे म्हणून करार टाळू नका, उलट घरचं माणूस आहे म्हणूनच करा. मतभेद झाला तर शेवटचा शब्द कोणाचा, एकाला बाहेर पडायचं असेल तर त्याच्या वाट्याची किंमत कशी ठरवायची, एकाने जास्त पैसे घातले तर ते कर्ज धरायचं की भांडवल, आणि दोघांपैकी कोणी गेलं तर त्याचा वाटा कोणाकडे जाणार, एवढं तरी लिहून ठेवा. धंदा मोडला तर पुन्हा उभा करता येतो, पण बहिणीच्या सासरचं किंवा बायकोच्या माहेरचं नातं तुटलं की ते सांधायला फार वर्षं जातात. हा करार बँक खातं उघडतानाही बहुतेक वेळा मागितला जातो.

करांचं थोडक्यात. दोन सभासदांची एलएलसी काही वेगळं न सांगितल्यास भागीदारी धरली जाते. भागीदारीचं कर-विवरणपत्र, म्हणजे फॉर्म १०६५, साधारणपणे १५ मार्चपर्यंत जायला हवा. उशीर झाला तर दंड दर भागीदारामागे, दर महिन्याला लागतो, नफा झाला नसला तरीही.

आता पत. तुमचा वैयक्तिक क्रेडिट स्कोअर आणि धंद्याचा स्कोअर या दोन वेगळ्या वह्या आहेत. धंद्याची वही मुख्यतः डन अँड ब्रॅडस्ट्रीट, एक्स्पीरियन आणि इक्विफॅक्स हे क्रेडिट ब्यूरो (पतीची नोंद ठेवणाऱ्या संस्था) ठेवतात. डन अँड ब्रॅडस्ट्रीटकडून नऊ आकडी डन्स नंबर (त्यांच्याकडचा तुमच्या धंद्याचा ओळख क्रमांक) घ्या. तोही फुकट असतो, लवकर हवा म्हणून जास्तीचं पॅकेज घेण्याची गरज नाही. त्यांचा पेडेक्स स्कोअर १ ते १०० असतो आणि तो फक्त एकच गोष्ट मोजतो: तुम्ही बिलं वेळेवर भरता का. बरोबर मुदतीत भरलीत तर ८०. मुदतीच्या तीस दिवस आधी भरत राहिलात तर १००. सरासरी पंधरा दिवस उशीर झाला तर ७०. शिवाय मोठ्या रकमेच्या बिलाचं वजन जास्त धरलं जातं, म्हणजे सुई-दोऱ्याची दहा बिलं वेळेवर आणि टी-शर्टच्या गठ्ठ्यांचं एक मोठं बिल उशिरा, तर आकडा खाली येतो.

हा स्कोअर बनण्यासाठी कोणीतरी तुमचा व्यवहार कळवावा लागतो, आणि कळवण्याची सक्ती कोणावरही नाही. म्हणून उधारीवर माल देणाऱ्या पुरवठादाराला खातं उघडण्याआधी सरळ विचारा: तुम्ही कुठल्या ब्यूरोला कळवता? जिथून तसंही सामान घ्यायचं आहे, खोकी, चिकटपट्टी, शाई, तिथूनच ‘नेट ३०’ खातं (बिल तीस दिवसांत भरायची उधारी) मागा. पत वाढावी म्हणून नको असलेलं सामान घेणं म्हणजे पैसे वाया. आणि नेट ३० चे दिवस बिलाच्या तारखेपासून मोजतात, माल हातात पडल्यापासून नाही.

नाव, पत्ता, फोन सगळीकडे अक्षरशः एकच ठेवा. राज्याकडे एक नाव, बँकेत ‘एलएलसी’ गाळून दुसरं, पुरवठादाराकडे घरचा पत्ता, असं झालं की नोंदी एकमेकींना जुळत नाहीत आणि चांगला व्यवहार तुमच्या खाती जमाच होत नाही. वैयक्तिक क्रेडिट रिपोर्टसाठी असलेलं कायद्याचं संरक्षण धंद्याच्या रिपोर्टला सहसा मिळत नाही, त्यामुळे चूक शोधून दुरुस्त करून घेणं तुमच्याच अंगावर आहे.

आणि खातं वेगळं ठेवा, हे मी अगदी कळकळीने सांगतो. धंद्याच्या कार्डावर घरचा किराणा आणि घरच्या खात्यातून दुकानाचं भाडं सुरू झालं, की कोर्टात समोरचा वकील म्हणू शकतो की ही कंपनी नावापुरतीच होती. मग तुमचं घर आणि बचत यांच्यापुढची भिंत पडू शकते. एलएलसी काढली ती त्या भिंतीसाठीच ना?

आता त्या २,५०० डॉलरवाल्याकडे. नव्या कंपनीला बँक किंवा कार्ड कंपनी बहुधा मालकाची वैयक्तिक हमी घेतल्याशिवाय पैसे देत नाही. एसबीएच्या (छोट्या धंद्यांसाठीच्या सरकारी संस्थेच्या) कर्जातही २० टक्के किंवा जास्त मालकी असलेल्याला हमी द्यावी लागते. नव्या ईआयएनला मागे काही इतिहासच नसतो, मग ‘फक्त ईआयएनवर’ कोण देणार? असे लोक बहुतेक तुमच्याच सोशल सिक्युरिटी नंबरवर दोन-चार कार्डांचे अर्ज टाकतात, जे तुम्ही स्वतः फुकट करू शकता. नाहीतर मर्चंट कॅश अ‍ॅडव्हान्स (पुढच्या विक्रीतून कापून घ्यायची उचल) गळ्यात मारतात. तिथे व्याजाचा दर सांगत नाहीत, ‘फॅक्टर १.३’ असं काहीतरी सांगतात. म्हणजे २०,००० घेतले तर २६,००० परत, आणि तेही रोज खात्यातून कापून. हे सहा महिन्यांत फेडायचं असेल तर वार्षिक दर साठ टक्क्यांच्याही वर जातो, कारण मुद्दल रोज कमी होत असतं.

भरतकामाच्या यंत्रासाठी पैसे हवे असतील तर यंत्रावरच तारण असलेलं कर्ज बघा. यंत्र हेच तारण असल्याने नव्या धंद्याला ते त्यातल्या त्यात सोपं जातं. सही करण्याआधी दोन गोष्टी विचारा: हमी किती रकमेपर्यंत आहे, आणि हप्ते धंद्याच्या ब्यूरोला कळवले जातात का. कार्ड घ्यायचं असेल तर हेही लक्षात असू द्या की २००९ च्या कार्ड कायद्यातली बरीचशी ग्राहक संरक्षणं धंद्याच्या कार्डांना लागू होत नाहीत.

एक राहिलं. मेव्हणे एच-१बी वर (ठराविक मालकाकडेच नोकरी करण्याच्या व्हिसावर) असतील तर कंपनीत वाटा असणं आणि त्या कंपनीत रोज काम करणं यात मोठा फरक आहे. मालकी चालते, पण परवानगीशिवाय दुकानात काम केलं तर व्हिसा धोक्यात येतो. त्यांचं स्टेटस काय आहे ते सांगा, आणि कागद दाखल करण्याआधी इमिग्रेशन वकिलाशी एकदा बोलून घ्या. कारण त्यावर वाटे आणि जबाबदाऱ्या कशा लिहायच्या ते ठरेल.