वहाळातला डोक, हॉलमधली टाकी

पाऊस सुरू झाला की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांतून गोल्डफिश कमी होतात आणि डोक, म्हणजे वहाळातला तो छोटा मासा, वाढतात. यंदाही तसंच झालं. रत्नागिरीत अर्धं आयुष्य मासे विकण्यात गेलं. त्या वेळी हा मासा फुकट दिला तरी कोणी नेत नसे. आता तोच ‘ड्वार्फ स्नेकहेड’ नावाने शहरात पैसे देऊन घेतात. असो. पत्रांकडे वळू.

मुलाने भातलावणीच्या वेळी कुणग्यातून (भाताच्या खाचरातून) बोटभर लांबीचे चार मासे आणले. शेजारचे काका म्हणतात, “ह्यो मरळ आसा, हातभर वाढतलो.” दुकानदार म्हणतो, छोटी जात आहे. पाठीवरच्या पराच्या शेवटी गोल काळा डाग आहे. आमची टाकी दोन फुटांची. ठेवू की सोडू? (एक वाचक, कुडाळ)

डागावर विसंबू नका. लहानपणी तसा डाग एकापेक्षा जास्त जातींत दिसतो. तुम्ही छातीचे पर बघा, म्हणजे कल्ल्यांच्या मागे पंख्यासारखे हलतात ते. त्यांवर एकाआड एक गडद कमानी असतील, तर तो डोक, काही गावांत ज्याला डाकू म्हणतात तो. शास्त्रीय नाव चन्ना गाचुआ, हॅमिल्टनने १८२२ साली दिलेलं. मरळीच्या छातीच्या परांवर अशा कमानी नसतात. दुसरी खूण पोटाखालच्या जोडीची. डोकाचे हे पर इतके आखूड की छातीच्या पराच्या निम्मेही भरत नाहीत. डोकंही बघा: डोकाचं बोथट, गोलसर, मरळीचं लांबट, चपटं, खरोखर सापासारखं. एवढं करूनही शंका राहिली तर स्वच्छ फोटो काढा आणि मोठा करून अंगावरच्या मधल्या रेषेवरचे खवले मोजा. डोकात ते साधारण ४० ते ४५ भरतात, मरळीत ५० च्या वर.

डोक निघाला तर काका चुकले. तो फार तर २० सेंटिमीटर होतो, टाकीत त्याहून कमीच. दोन फुटी टाकीत मात्र एकच ठेवा, बाकीचे ज्या कुणग्यातून आणले तिथेच सोडा. मरळ निघाली तर चारही सोडा. ती तीन फुटांपर्यंत जाऊ शकते. पण मासे आधीपासूनच्या टाकीत, दुकानातल्या माशांबरोबर ठेवले असतील तर परत सोडू नका. दुकानातला आजार वहाळात जायला नको.

ठेवणार असाल तर टाकी काठोकाठ भरू नका. हा मासा वर येऊन हवेचा घोट घेतो. पाणी आणि झाकण यांत चार-पाच बोटं जागा हवी. झाकण घट्ट, वर वजन. फिल्टरच्या वायरीसाठी ठेवलेली फटही स्पंजने बुजवा. पावसाच्या रात्री हे मासे त्या फटीतून निघतात आणि सकाळी सोफ्याखाली सापडतात. लपायला मंगलोरी कौलाचा तुकडा पुरे.

आमचा मच्छीचाच धंदा, त्यामुळे खाण्याची ददात नाही. तारलीचे तुकडे, कधी सुका बांगडा, रविवारी दोन-चार गप्पी. पण आमचा डोक सुस्त झालाय, पोट सुटलंय, पाण्यावर तवंग असतो. दुकानातलं पॅलेट (दाणेदार खाद्य) तोंडात घेऊन थुंकतो. (एक वाचक, हर्णै)

तुमच्या घरी मासा जास्त लाडात आहे, एवढाच रोग दिसतो. तारली आपल्यासाठी उत्तम, त्याच्यासाठी नाही. एक तर तिचं तेल. तवंग येतो तो तिचाच, आणि हवा घ्यायला वर येणाऱ्या माशाला त्या तवंगातूनच तोंड काढावं लागतं. दुसरं, तारलीच्या कुळातल्या अनेक माशांत थायमिनेझ नावाचा घटक असतो, तो बी-१ जीवनसत्त्व मोडून टाकतो. कधीमधी एखादा तुकडा गेला तर काही होत नाही. रोज तेच दिलं तर मासा खचतो. सुका बांगडा मिठाचा. गोड्या पाण्यातल्या माशाला तो देणं ताबडतोब थांबवा.

गप्पीचं म्हणाल तर मला हा रविवारचा खेळ मुळीच आवडत नाही. शिकार बघायला मुलांना मजा वाटते, पण बाजारातल्या स्वस्त गप्पींबरोबर जंतही घरात येतात.

मग काय द्यायचं? वहाळात हा मासा किडे, लहान झिंगे, गांडुळं, बेडकांची पिल्लं असं जे समोर येईल ते खातो, आणि यातलं बरंचसं तुमच्या परसातच आहे. खतं-फवारणी नसलेल्या बागेतलं गांडूळ दिवसभर ओल्या फडक्यात ठेवा, माती बाहेर पडेल, मग धुऊन द्या. नाकतोडा, रातकिडा चालतो. ताजा जवळा मिळत असेल तर नशीबवान आहात: गोड्या पाण्यात दोनदा खळखळून धुवा, पुड्या करून फ्रीजरमध्ये ठेवा. कोळंबी सोलून, त्याच्या डोळ्याएवढे तुकडे करून. लहान पिल्लांना रोज, वाढलेल्या माशाला आठवड्यातून तीनदा. पोट किंचित गोल दिसलं की थांबायचं. तो मागतच राहील, त्याच्या तोंडाकडे बघू नका.

पॅलेटसाठी: तुमच्या माशाला चार दिवस काहीच देऊ नका, त्या पोटाला ते सोसेल. मग कोळंबीच्या पाण्यात भिजवलेलं एक पॅलेट चिमट्याने हलवत धरा. थुंकला तर उचलून घ्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा. बहुतेक डोक शरण येतात. जे येत नाहीत त्यांना जवळ्यावर ठेवा, काही बिघडत नाही.

कोल्हापूरहून ‘रेनबो’ स्नेकहेडची जोडी महाग घेतली. हीटर २८ वर असतो. मे महिन्यापासून रंग उतरला, खात नाहीत. (एक वाचक, सावंतवाडी)

हीटर काढा. पोटाखालचे पर मुळातच नसतील तर ती चन्ना ब्लेहेरी, आसामातली जात, १९९१ साली वर्णन झालेली. तिकडे थंडीत पाणी चांगलं गार पडतं आणि तिला वर्षातले काही महिने तो गारवा लागतो. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे पडतो तेवढा तरी मिळू द्या. उन्हाळ्यात टाकी हॉलमधून माजघरात, जमिनीलगत आणा. पाण्यावर पंखा सोडतात, पण आपल्या दमट हवेत त्याचा गुण देशावर येतो तितका येत नाही. बर्फाचे तुकडे टाकू नका. खरं सांगायचं तर किनाऱ्यावर राहणाऱ्याने ही जात घेऊ नये. आपला डोक रंगाला कुठे कमी आहे? पाठीच्या पराची ती केशरी कड बघा एकदा.

सहा डोक एकत्र वाढवले. नर-मादी काही केल्या कळत नव्हतं. आता दोघे एका कोपऱ्यात राहतात आणि बाकीच्यांचे पर फाडतात. त्या दोघांतल्या एकाचा गळा सुजलाय, तोंड मिटलेलं, खाणं बंद. औषध कुठलं घालू? (एक शिक्षिका, चिपळूण)

कुठलंही नाही! अभिनंदन, तो बाप आहे. डोकाची अंडी पाण्यावर तरंगतात. नर ती गोळा करून तोंडात धरतो आणि पिल्लं पोहू लागेपर्यंत तोंडातच सांभाळतो. त्यामुळे उपास.

बाकीचे चार आजच वेगळे करा, नाहीतर जोडी त्यांना जिवंत ठेवणार नाही. मादीला मात्र हलवू नका. पिल्लं बाहेर आली की ती न फळलेली अंडी घालते आणि पिल्लं ती खातात. सोबत आर्टेमियाची (खाऱ्या पाण्यातल्या बारीक झिंग्याची) ताजी पिल्लं दिली तर वाढ झपाट्याने होते.

आता त्या चारांतले नर-मादी. आठ-दहा सेंटिमीटरच्या आत कोणी छातीठोक सांगत असेल तर तो विकायला बसलाय असं समजा. मोठे झाल्यावरही काचेतून, बाजूने बघून फसगत होते. पांढऱ्या टबात पाणी घ्या आणि वरून बघा. नराचं डोकं रुंद, गालांपाशी फुगीर, कारण अंडी तिथेच ठेवायची असतात. मादीचं डोकं अरुंद आणि रुंदी पोटाकडे. नराचे पाठीवरचा आणि खालचा हे लांब पर टोकाला जास्त वाढलेले असतात, रंगही गडद. पण रंगावर निकाल देऊ नका, मार खाल्लेला नर मादीइतकाच फिका पडतो. म्हणून चारही जण महिनाभर वेगवेगळे, पोटभर खाऊन शांत झाले की मग टबात घ्या.

तोवर जोडीच्या टाकीवर कागद लावा, वर्गातल्या मुलांना दाखवायला आणू नका. घाबरलेला नर अंडी गिळून टाकतो. फिल्टर स्पंजचाच हवा, तोही मंद. टाकी घासूनपुसून लख्ख करायची हौस असेल तर ती पुढच्या महिन्यात भागवा.