दोन वर्षांचं पोरगं ब्रश तोंडात घालूच देत नाही, काय करावं?

ताई, तुमचा सव्वादोन वर्षांचा मुलगा ब्रश दिसला की तोंड गच्च मिटतो, धरून केलं तर घर डोक्यावर घेतो आणि तुमच्या सासूबाई म्हणतात जाऊ दे, दुधाचेच तर दात आहेत. आमच्याकडे अमळनेरला पण हेच ऐकायला मिळायचं, "दूधना दात शेतस, पडी जातीन, पोऱ्याले रडावू नको."

आधी त्याचंच सांगते. पुढचे दुधाचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडतात, पण मागच्या दाढा १० ते १२ वर्षांपर्यंत तोंडात असतात, म्हणजे आज त्या दाढेला कीड लागली तर पुढची आठ-दहा वर्षं पोराला त्याच दाढेने भाकरी चावायचीय. दुधाच्या दाताचं वरचं कवच पातळ असतं म्हणून कीड पटकन आत जाते. आणि दाढ वेळेआधी काढावी लागली तर शेजारचे दात सरकतात, मग खालून येणाऱ्या पक्क्या दाताला जागा पुरत नाही. सासूबाईंना भांडून नाही, असं समजावून सांगा, त्यांचा जीव नातवावरच आहे, कळलं की त्याच तुमच्या बाजूने उभ्या राहतील.

आता मुख्य गोष्ट. रात्रीचा ब्रश काही झालं तरी सोडायचा नाही. सकाळचा पण करायचाच, पण तो एखाद्या दिवशी अर्धवट झाला तर जीवाला लावून घेऊ नका. रात्रीचं महत्त्व अशासाठी की झोपेत लाळ कमी सुटते, त्यामुळे दातावर राहिलेलं दूध, बिस्कीट रात्रभर तसंच बसून राहतं आणि कीड तिथूनच सुरू होते. म्हणून ब्रश झाल्यावर फक्त पाणी. आमच्या जळगाव जिल्ह्यात घरोघरी केळी असतात आणि झोपताना दूध-केळं द्यायची सवय असते, ते द्या ना, पण ब्रशच्या आधी. दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपत असेल तर ती आधी बंद करा, वरचे पुढचे दात त्यानेच सगळ्यात जास्त खराब होतात.

बेसिनसमोर उभं करून या वयाच्या पोराचा ब्रश नीट होत नाही, दिसतच नाही आत काय चाललंय. पलंगावर मांडी घालून बसा, त्याला उताणं झोपवा, डोकं तुमच्या मांडीत आणि पाय तिकडे. वरून तोंड पूर्ण दिसतं. मग एका बोटाने वरचा ओठ हळूच उचला. ओठाच्या आत मधोमध हिरडीला जोडलेली एक बारीक दोरीसारखी चामडी दिसेल, ब्रश तिच्यावर आपटला की झणकन दुखतं. खूप पोरं हट्टाने नाही, या दुखण्याने तोंड मिटतात! तुमचं बोट त्या चामडीवर आडवं ठेवा आणि ब्रश बोटाच्या खालून फिरवा. माझ्या लेकीचं अर्धं रडणं एवढ्यानेच थांबलं. ब्रश एकदम मऊ आणि छोट्या डोक्याचा घ्या, जिथे दात हिरडीला टेकतो तिथे बारीक गोल गोल फिरवा. दाढा आधी करून घ्या, पुढचे दात नंतर, कारण पोराचा धीर संपतो तेव्हा निदान अवघड काम झालेलं असतं.

दुसरं म्हणजे, करायचा की नाही हे त्याला विचारूच नका, "ब्रश करायचा का?" म्हटलं की उत्तर नाहीच येणार. विचारायचं ते असं, लाल ब्रश की निळा, आई करेल की पप्पा, आधी वरचे की खालचे. एक ब्रश त्याच्या हातात पण द्या, चावू दे खुशाल. आम्ही जेवणात जे खाल्लं ते दाढेत शोधायचो, "वरणबट्टीचा तुकडा कुठे लपला गं, हा बघ मागच्या दाढेत," की ती आ करून दाखवायची. मोबाईल दाखवून करणारे खूप आहेत, मला ते पटत नाही, नंतर मोबाईलशिवाय तोंडच उघडत नाहीत.

पेस्ट फ्लोराइडवालीच घ्या, लहान मुलांच्या काही पेस्टमध्ये फ्लोराइड नसतं, म्हणून मागे वाचून घ्या, १००० पीपीएमच्या (ppm, म्हणजे पेस्टमधल्या फ्लोराइडचं प्रमाण) आसपास असावं. तीन वर्षांच्या आत फक्त तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांत वाटाण्याएवढी. एवढीशी पेस्ट थोडी गिळली गेली तर घाबरू नका, चूळ भरता येत नाही म्हणून थांबायची पण गरज नाही. ट्यूब मात्र उंच ठेवा.

आणि घरात कोणी मिश्री लावत असेल तर ती डबी पोराच्या हाताला लागता कामा नये. आपल्याकडे सकाळी ओट्यावर बसून आजी बोटाने दात घासते आणि नातू शेजारी बसून तसंच बोट फिरवतो. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू आहे, लेकराच्या हिरडीला तो कणभरसुद्धा लागायला नको. आजीला नातवासोबत ब्रश घेऊन बसवा, पोरं नक्कल करतातच, मग चांगली नक्कल करू द्या.

आज रात्री ओठ उचलला की हिरडीजवळ बघा. दातावर खडूसारखी पांढरी रेघ दिसली तर ती किडीची सुरुवात असू शकते, या टप्प्यावर डॉक्टर फ्लोराइडचा लेप लावून बरेचदा ती तिथेच थांबवतात. तपकिरी खड्डा दिसला तर थांबूच नका, जळगाव-धुळ्यात लहान मुलांचे दातांचे डॉक्टर मिळतात. तसं तर पहिला वाढदिवस होईपर्यंत एकदा दाखवायला हवं असतं, राहिलं असेल तर आता जा. सकाळची वेळ घ्या, पोराचं पोट भरलेलं असू द्या, आणि "डॉक्टर सुई टोचतील हं" असं घरात कोणालाही बोलू देऊ नका.