पोरं पडतात म्हणून खेळ बंद करायचा का?

प्रश्न: मी कागल तालुक्यात झेडपी शाळेत शिकवते. तिसरीतला एक पोरगा घराच्या स्लॅबवरून पडला, हात मोडला. 'जपून खेळा' असं वर्गात नुसतं सांगून काय उपयोग होतो का?

उत्तर: मॅडम, नुसतं सांगून नाही होत. पोरांना घेऊन गावात चक्कर मारा, कुठल्या जिन्याला कठडा नाही, विहिरीचा काठ कुठं ढासळलाय, पावसात कुठली फरशी शेवाळते हे त्यांनाच शोधू द्या, वहीत काढू द्या, स्वतः शोधलेलं लक्षात राहतं. जांभळाची फांदी ठिसूळ असते, उसाच्या चालत्या ट्रॉलीला लोंबकळायचं नाही, हे तिथंच दाखवून सांगा.

पण खरं काम मोठ्यांचं आहे. आपल्याकडं स्लॅब टाकून होतो आणि कठडा 'पुढच्या वर्षी बघू' म्हणून तसाच राहतो, हे मला फार खटकतं. पालकसभेत हा विषय घ्याच. कठडा होईपर्यंत जिन्याला दार आणि कडी वरच्या बाजूला. कठड्याच्या गजांमधली फट ४ इंचापेक्षा कमी ठेवा, नाहीतर बारकी पोरं त्यातून निसटतात. खेळ मात्र बंद करू नका प्लीज.

आणि डोक्यावर पडून पोर बेशुद्ध झालं, सारखं उलट्या करतंय, गुंगीत आहे, किंवा कानानाकातून रक्त-पाणी येतंय तर लगेच १०८ ला फोन करा. मान-पाठ दुखत असेल तर हलवायचं नाही, गाडीवर दोघांच्या मधे बसवून तर अजिबात न्यायचं नाही. मोडलेला हातही तेल लावून चोळू नका, आहे तसाच आधार देऊन दवाखान्यात न्या.