स्वयंसेवकांच्या ज्ञानप्रकल्पात अनुवादाचे पैसे द्यावेत का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: प्रकल्प खुला आहे, आजवरचे सगळे लेख हौशी मंडळींनी फुकट लिहिलेत, आता कुणीतरी थोडी देणगी दिली आहे. ती इंग्रजी लेखांचे अनुवाद करून घेण्यात घालावी का? घातली तर फुकट राबणारे नाराज होतील का? आणि शब्दामागे दर काय ठेवावा?

शेवटच्या भागापासून सुरुवात करतो, कारण खरा घोळ तिथेच होतो. शब्दामागे दर ठेवूच नका. कमी-जास्तीचा प्रश्नच नाही.

मी पोटासाठी भाषांतरं करतो आणि फावल्या वेळात विकिपीडियावर लिहितो, त्याहून जास्त इतरांचं तपासतो. बाजारात शब्दामागे दर चालून जातो, कारण तिथे मजकूर ठरलेला असतो, गिऱ्हाईक वाचून घेतं, पसंत नसेल तर परत पाठवतं आणि शेवटचा हात फिरवणाऱ्या संपादकाला पगार असतो. ज्ञानकोशात यातलं काहीच नसतं. मूळ लेखातला बराचसा भाग आपल्या वाचकाच्या कामाचा नसतो, तो गाळायला हवा. पण गाळला की अनुवादकाचे पैसे कमी होतात. एखाद्या जागी दोन वाक्यं नव्याने घालावीत, त्यांना संदर्भ शोधावा, तर त्यात तासभर जातो आणि शब्द वाढतात वीस. मग व्यवहार कळणारा माणूस काय करेल? लांबलचक लेख उचलेल आणि ओळीखाली ओळ उतरवत जाईल. त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. तुम्ही जे मोजलंत ते त्याने दिलं.

हे प्रत्यक्षात घडून गेलंय, तेही मोठ्या प्रमाणावर. गूगलने 2010 च्या आगेमागे अरबी, स्वाहिली आणि हिंदी, तमिळ, तेलुगू, कन्नड अशा भाषांच्या विकिपीडियांसाठी अनुवादाचा कार्यक्रम चालवला होता. लोक कशाचा शोध घेतात ते बघून इंग्रजी लेख निवडायचे, कंपनीच्याच साधनात त्यांचा यांत्रिक कच्चा मसुदा काढायचा आणि माणसांकडून तो दुरुस्त करून घ्यायचा. त्यात काही स्वयंसेवक होते, पण मोठं काम पैसे देऊन झालं. जुलै 2010 मध्ये कंपनीने सांगितलं की एकूण 1.6 कोटींहून जास्त शब्दांचा अनुवाद झाला आहे. त्याच महिन्यात पोलंडमधल्या ग्दान्स्क इथे विकिमेनिया परिषद भरली होती. तिथे तमिळ विकिपीडियाच्या लोकांनी याच अनुवादांचा पंचनामा मांडला. वाचकांना नको असलेले विषय, लाल दुव्यांचा (म्हणजे अजून न लिहिलेल्या पानांकडे बोट दाखवणाऱ्या दुव्यांचा) सडा, तुटलेले साचे (पानात ठरावीक मांडणी आपोआप बसवणारे तयार नमुने), वाचवत नाही अशी वाक्यरचना. आणि सगळ्यात खटकणारी गोष्ट म्हणजे लेखाला जोडलेल्या चर्चापानावर काही विचारलं तर उत्तर द्यायला पलीकडे कुणी नाही. बंगाली विकिपीडियाने तर असे लेख घ्यायलाच नकार दिला. तमिळ मंडळींनी मधला रस्ता काढला. आधी थांबा म्हणाले, मग विषय कुठले घ्यायचे आणि काय पथ्यं पाळायची यावर बोलणी केली. पुढे तो कार्यक्रम बंद पडला.

असा एखादा लेख उघडून बघा. पहिला परिच्छेद बरा असतो, तो सगळेच मन लावून करतात. लेखाच्या बाजूची माहितीचौकट अर्धी इंग्रजीत, कारण साच्यातली नावं दोन्हीकडे वेगळी आणि ती जुळवायची असतात हे अनुवादकाला कुणी सांगितलेलंच नसतं. तळाशी संदर्भांच्या जागी लाल अक्षरांत त्रुटी, कारण तारखेतला महिनाही भाषांतरित झालाय आणि साच्याला तो ओळखता येत नाही. मजकुरात ‘नुकतीच’ झालेली निवडणूक आहे, जी मूळ लेखातसुद्धा शिळी होती. एकाच बाईंचं आडनाव तीन परिच्छेदांत तीन तऱ्हांनी. वर्ग एकही जोडलेला नाही, म्हणजे हा लेख कुठल्या यादीत सापडणार नाही. आणि मधेच एक वाक्य असं, की इंग्रजी शेजारी उघडून ठेवल्याशिवाय कुणी कुणावर खटला भरला ते लागत नाही.

हे निस्तरायला बसलं की संध्याकाळ जाते. पुष्कळदा नव्याने लिहिणं सोपं पडलं असतं असं वाटतं, पण आयता लेख काढून टाकायलाही जीव होत नाही. अनुवादकाचे पैसे चुकते झालेले असतात, तो पुढच्या लेखावर गेलेला असतो. म्हणजे देणगीतून तुम्ही जे विकत घेतलंत, त्याने तुमच्याकडची सगळ्यात दुर्मीळ चीज खाऊन टाकली: जाणत्या माणसाचा फुकट मिळणारा वेळ. लहान प्रकल्पात तपासू शकणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असतात. त्यांच्या दारात रोज नवा ढीग टाकलात तर एक दिवस ती दार बंद करून घेतात, तेही न सांगता. फक्त येईनाशी होतात.

मोठ्या प्रकल्पांनाही हा भार झेपत नाही. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडियाने 2015 मध्ये लेख एका भाषेतून दुसरीत नेण्यासाठी कंटेंट ट्रान्स्लेशन नावाचं साधन आणलं. वर्षा-दीड वर्षात इंग्रजी विकिपीडियावर त्यातून आलेल्या सुमारे 3,600 लेखांची तपासणी-यादी करावी लागली, त्यांच्यासाठी वगळण्याचा वेगळा निकष करावा लागला, आणि जुलै 2016 नंतर किमान 500 संपादनं व 30 दिवसांचा अनुभव नसलेल्यांना त्या साधनातून थेट लेख चढवायला बंदी आली. तिथे पैशाचा संबंध नव्हता. लेख येण्याचा वेग तपासणीच्या वेगापेक्षा जास्त झाला, की परिणाम हाच. पैसे तो वेग वाढवतात, एवढंच.

तेव्हा फुकट म्हणजे चांगलं आणि विकत म्हणजे वाईट, अशी विभागणी मला मान्य नाही. स्कॉट्स या स्कॉटलंडमधल्या भाषेच्या विकिपीडियाचं प्रकरण आठवत असेल. 2020 मध्ये लक्षात आलं की तिथले हजारो लेख एका अमेरिकन मुलाने लिहिले आहेत आणि त्याला स्कॉट्स भाषा येत नाही. इंग्रजी वाक्यांत शब्दकोशातले शब्द बसवत गेलेला. पैसे एक छदाम नाही, हेतू चांगला, वर्षानुवर्षांची मेहनत. कुणी तपासणारं नव्हतं.

आता नाराजीबद्दल. ती होईल, पण तुम्हाला भीती आहे त्या कारणाने नाही. कुणाला चार पैसे मिळतात म्हणून जळणारे लोक अशा कामाला मुळात येतच नाहीत. दुखतं ते दोन ठिकाणी. एक वर सांगितलं: त्याने पैसे घेऊन केलेलं मी फुकट निस्तरायचं. दुसरं, ‘हे काम पैशाच्या लायकीचं आणि माझं नाही, हे ठरवलं कुणी?’ डेबियन या मुक्त संगणकप्रणालीत 2006 मध्ये हेच झालं. पुढची आवृत्ती डिसेंबरात वेळेवर निघावी म्हणून डंक-टँक या नावाने पैसे उभे केले आणि आवृत्तीचं काम पाहणाऱ्या दोघांना काही काळ पूर्णवेळ बसता यावं म्हणून ते दिले. दोघे प्रकल्पातलेच, कामसू. तरी वादळ उठलं, प्रकल्पाचा निवडून आलेला प्रमुखच त्या उपक्रमात असल्याने आणखी उठलं, आणि काहींनी आपला हात आखडता घेतला. आवृत्ती निघाली एप्रिल 2007 मध्ये. उशीर केवळ पैशामुळे झाला असं मी म्हणणार नाही, पण पैसे देऊन वेळ वाचवायचा हिशेब जमला नाही हे उघड आहे.

याच्या उलट ट्रान्सलेटविकीचं उदाहरण. विकिपीडिया ज्यावर चालतो त्या मीडियाविकीसारख्या सॉफ्टवेअरचे मेनू, बटणं, सूचना तिथे स्वयंसेवक अनुवादित करतात. त्यांनी काही वेळा ‘रॅली’ घेतल्या: ठरावीक मुदतीत 500 नवे संदेश अनुवादित करणाऱ्या सगळ्यांत 1000 युरो सारखे वाटायचे, आणि नको असेल त्याने आपला वाटा दान करायचा. कुणी फार भांडल्याचं माझ्या तरी वाचनात नाही. नियम सगळ्यांना एकच, रक्कम इतकी किरकोळ की तिला मजुरी म्हणवणार नाही, आणि छोट्या-छोट्या संदेशांना मोजदाद शोभते. लेखांना ती शोभत नाही. गूगलने 2009-10 मध्ये केनिया-टांझानियातल्या विद्यार्थ्यांसाठी स्वाहिली विकिपीडियावर लेखांची स्पर्धा ठेवली होती, लॅपटॉपसारखी बक्षिसं होती. लेख भराभर वाढले, स्पर्धा संपली, आणि आलेल्यांपैकी बहुतेक जण पुन्हा दिसले नाहीत. लेख मात्र तिथेच राहिले, त्यांची निगा राखायला जुनेच लोक.

(व्यावसायिक अनुवादक म्हणून एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. नफा कमावणाऱ्या कंपनीने ‘समुदाय’ म्हणत फुकट अनुवाद मागणं ही वेगळी गोष्ट आहे. लिंक्डइनने 2009 मध्ये अनुवादकांना तसं विचारून पाहिलं तेव्हा आमच्या व्यवसायात जो संताप झाला तो रास्त होता. भाषा शिकवणाऱ्या ड्युओलिंगो कंपनीने 2021 मध्ये स्वयंसेवकांकडून अभ्यासक्रम करून घेणं थांबवलं आणि आधी राबलेल्यांना पैसे दिले, हे बरं केलं. तुमचा मजकूर मुक्त परवान्याखाली आहे आणि कुणी नफा वाटून घेत नाही, म्हणून तुम्ही फुकट काम मागू शकता. ही सवलत आहे, ती गृहीत धरू नका.)

मग पैसे कुठे घालावेत? मी असतो तर मोठा वाटा तपासणीवर घातला असता. भाषा आणि विषय दोन्ही कळणारी दोन-तीन माणसं, शक्यतो तुमच्याच जुन्या स्वयंसेवकांतली, आणि त्यांना महिन्याचं ठरावीक मानधन. लेखांच्या संख्येवर तेही नको, नाहीतर डोळे मिटून शिक्के मारले जातील. निवड सगळ्यांसमोर करा, अर्ज मागवा, का निवडलं ते लिहून ठेवा. डेबियनमधल्या त्या दुसऱ्या दुखण्यावर एवढाच इलाज मला माहीत आहे.

अनुवादासाठी पैसे द्यायचेच असतील तर तेही वेळेचे द्या, आणि लेखांची यादी अनुवादकाने नव्हे, समुदायाने करावी. शेवटचा हप्ता लेख चढवल्यानंतर काही आठवड्यांनी द्यावा, चर्चापानावरच्या शंकांना उत्तरं देऊन झाल्यावर. हे लेखी ठरवा. बाजारात अनुवादकाला पैसे अडकवून ठेवणं मला मुळीच आवडत नाही, म्हणून ही रक्कम लहान ठेवा आणि तारीख पक्की द्या. शिकवणीचा वेळही मानधनात धरा: साचे, संदर्भ, वर्ग हे चांगल्या अनुवादकालाही आपोआप येत नसतं.

मशीनमुळे तर हे आणखी निकडीचं झालंय. 2010 चा यांत्रिक मसुदा वाचताक्षणी ओळखू यायचा. आताचा गुळगुळीत असतो. वाक्य सुरेख आणि मजकूर चुकीचा, हे आता सहज घडतं, आणि ते पकडायला मूळ लेखच नाही तर त्याखालचा संदर्भही उघडावा लागतो. स्वित्झर्लंडमधली ओपन नॉलेज असोसिएशन विकिपीडियासाठी अनुवाद करणाऱ्यांना मानधन देते आणि त्यांना अशी साधनं वापरू देते. म्हणजे कच्चा मसुदा जवळजवळ फुकट झालाय. मग पैसे मसुद्याला कशाला मोजायचे?

उघडपणाबद्दल तडजोड नको. विकिमीडियाच्या वापर-अटींत जून 2014 पासून नियम आहे की पैसे घेऊन संपादन करणाऱ्याने कुणाकडून घेतले ते सांगायचं. सदस्यपानावर, चर्चापानावर किंवा संपादनाच्या सारांशात. तो नियम जाहिरातबाजांमुळे आला, तुमच्यासारख्यांमुळे नाही, पण लागू तुम्हालाही होतो. तुमचा प्रकल्प वेगळा असला तरी हाच नियम उचला. आणि एखादा लेख वगळावा की ठेवावा अशी चर्चा चालू असेल, तर तो मानधन घेऊन लिहिणाऱ्याने माहिती जरूर द्यावी, मत देऊ नये.

राहता राहिला देणगीदार. त्याला अहवालात आकडा लागतो, आणि सगळ्यात सोपा आकडा म्हणजे ‘किती लेख झाले’. एकदा का तो आकडा अहवालात बसला की वरचं सगळं पाण्यात जातं. पुढच्या वेळी तुम्हीच घाईघाईने लेख चढवत बसाल. त्याला दुसरा आकडा द्या: वर्षभरानंतर किती लेख टिकले, आणि त्यांपैकी कितींत मूळ अनुवादकाशिवाय दुसऱ्या कुणी भर घातली. पानाच्या इतिहासावरून हे कुणालाही मोजता येतं. आकडा लहान येईल आणि उशिरा येईल. देणगी तर आलेलीच आहे, तेव्हा निदान पहिला अहवाल पाठवण्याआधी त्याच्याशी हे बोलून घ्या.