वॉल्टर ह्यूस्टनची वॉडेव्हिलमधली वर्षं

हॉलिवूडचा जुना अभिनेता वॉल्टर ह्यूस्टन चाळिशीपर्यंत वॉडेव्हिलमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या फिरत्या विविधरंगी खेळांत, रेंगाळला नसता तर आणखी मोठा नट झाला असता का, असं तुम्ही विचारलंय. मला नेमकं उलट वाटतं. त्या वर्षांशिवाय तो ह्यूस्टन झालाच नसता.

जन्म टोरोंटोचा, 1883चा. लग्नानंतर संसारासाठी रंगभूमी सोडून तो मिझुरीत वीजकेंद्रावर इंजिनीअर झाला. 1909मध्ये परतला, आणि बेयॉन व्हिपल या नटीबरोबरची ‘व्हिपल अँड ह्यूस्टन’ ही जोडी गावोगाव फिरू लागली. वॉडेव्हिलच्या एकाच खेळात गाणी, नकला, कसरती, जादू असं सगळं एकापाठोपाठ चालायचं. प्रत्येकाच्या वाट्याला थोडी मिनिटं. आधीच्या कसरतवाल्यांच्या टाळ्या विरायच्या आत तुमचं पात्र लोकांना कळायला हवं, तेही चालण्या-बोलण्यातून. सिनेमात चरित्र अभिनेत्याला तरी याहून जास्त जागा कुठे मिळते?

1924मध्ये न्यूयॉर्कला युजीन ओनीलचं ‘डिझायर अंडर द एल्म्स’ हे नाटक आलं. एक्केचाळिशीतल्या ह्यूस्टनने त्यात पंचाहत्तरी ओलांडलेला एफ्राइम कॅबट केला. हा म्हातारा फिडलच्या तालावर बेभान नाचतो, तरुणांना लाजवतो. म्हातारपण आणि रग एकाच अंगात दाखवायची, हे रंगरंगोटीने साधत नाही. त्याला रोज रंगमंचावर घासलेलं शरीर लागतं.

मग बोलपट आले, नायकाची कामंही मिळाली. ‘डॉड्सवर्थ’ या सिनेमासाठी ऑस्करचं नामांकन मिळालं.

माझ्या लेखी कळस म्हणजे 1948चा ‘द ट्रेझर ऑफ द सिएरा माद्रे’. दिग्दर्शक त्याचाच मुलगा जॉन. त्याने वडिलांना कवळी काढून काम करायला लावलं. पायाखाली सोनं आहे आणि दोघा सोबत्यांना पत्ताच नाही, हे पाहून ह्यूस्टनने केलेला सोनं शोधणारा म्हातारा हॉवर्ड हसत हसत नाचायला लागतो. खांदे सैल, पाय मात्र तालात पक्के. एवढ्याशा नाचात त्याचं शहाणपण, चेष्टा आणि लोभाची जुनी ओळख, सगळं येतं. सहाय्यक अभिनेत्याचं ऑस्कर त्याला मिळालं. मुलालाही त्याच रात्री दिग्दर्शन आणि पटकथेसाठी मिळालं.

पण त्याआधी 1942चा ‘यांकी डूडल डँडी’ जरूर बघा. त्यात तो वॉडेव्हिलमधल्याच एका कुटुंबाचा कर्ता, जेरी कोहन, झालाय. नायकावर नजर खिळते हे खरं, तरी एकदा तो सिनेमा फक्त ह्यूस्टनकडे बघत पाहा.