जीवाणूंच्या एन्झाइमनी प्रदूषण ओळखता येतं, तर महागडी यंत्रं कशाला हवीत?

ओळखता येतं, आणि रोजच्या तपासणीत हे वापरलंही जातं. तरी यंत्रं लागतातच. का, ते सांगतो.

पाण्यात मैला मिसळलाय का, हे पाहायला एन्झाइमइतकी सोपी चाचणी नाही. ई. कोलाय हा आतड्यातला जीवाणू. त्याच्याकडे बीटा-ग्लुकुरोनिडेज हे एन्झाइम असतं, त्याच्या गटातल्या (कोलिफॉर्म) इतर बहुतेक जीवाणूंकडे नसतं. नमुन्यात या एन्झाइमचं असं खाद्य घालतात, की ते तुटल्यावर चमकणारा पदार्थ सुटतो. 35 अंश सेल्सिअसला 24 तास ठेवायचं आणि अतिनील दिव्याखाली धरायचं. निळं चमकलं, की ई. कोलाय आहेच असं धरून पाणी पिणं थांबवायचं. मात्र ई. कोलायच्याच ओ157:एच7 या घातक प्रकारात हे एन्झाइम सहसा काम करत नाही, त्यामुळे तो इथे निसटतो. हे फार कमी लोक सांगतात.

कारखान्याच्या सांडपाण्यासाठी युक्ती उलटी. ॲलिव्हिब्रिओ फिशेराय हा समुद्री जीवाणू ल्युसिफरेज या एन्झाइममुळे निळसर-हिरवा उजेड देतो. त्याचं श्वसन बिघडलं की उजेड मंदावतो. नमुना मिसळून 15 किंवा 30 मिनिटांनी उजेड किती घटला ते मोजायचं. आयएसओ 11348 हे त्याचंच मानक. पाणी गढूळ किंवा रंगीत असेल तर उजेड तसाही अडतो, तेवढी दुरुस्ती करावी लागते. विष कोणतं हे यातून कळत नाही, पण मला ही चाचणी नेमकी त्याच कारणाने मोलाची वाटते. यंत्राला जे शोधायला सांगाल तेच ते शोधतं. जीवाणूवर अख्ख्या मिश्रणाचा परिणाम होतो, त्यात कुणाच्या यादीत नसलेली रसायनंही आली.

नेमकं एकच रसायन हेरणारी एन्झाइमही आहेत. ऑर्गनोफॉस्फरस हायड्रोलेज पॅराथिऑन हे कीटकनाशक तोडतं आणि पिवळा पदार्थ सुटतो.

आता यंत्रांबद्दल. पिण्याच्या पाण्यात आर्सेनिक लिटरला 10 मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्याच्या पाचपट आर्सेनिक असलं तरी त्या जीवाणूचा उजेड ढळत नाही, आणि असं पाणी वर्षानुवर्षं पिणाऱ्याला कर्करोगाचा धोका असतो. म्हणून आर्सेनिक किंवा जड धातूंची शंका असेल, तर नमुना थेट धातू मोजणाऱ्या प्रयोगशाळेत द्या. जीवाणूची चाचणी चांगली आली म्हणून थांबू नका.